‘ताई’ म्हणणं बंद झालं तेव्हा : एका सांत्वनाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या एका सहकाऱ्याचं आहे, आणि त्याहून जास्त माझं. त्याची बहीण गेली. पुढच्या दहा महिन्यांत मी त्याच्याशी काय बोलले, काय बोलायला नको होतं आणि कुठलं वाक्य लागू पडलं, याची ही नोंद. मी समुपदेशक नाही. नऊ जणांची टीम सांभाळते, तो त्यातला एक. मजकूर आधी त्याला वाचायला दिला होता. त्याने दोन ठिकाणी फुली मारली, ती वाक्यं काढली आहेत. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माणसं आणि घटना

तो ३४ वर्षांचा, बहीण ४१ची. सात वर्षांचं अंतर, म्हणजे बहीण कमी आणि धाकटी आई जास्त. तिच्या मागे नवरा आणि अकरा वर्षांचा मुलगा. आई-बाबा आमच्या सहकाऱ्याकडे राहतात. मी त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. बाकीचे मला ‘मॅडम’ म्हणतात, पण हा रुजू झाला त्या आठवड्यापासून मला ‘ताई’ म्हणायचा. मेसेजसुद्धा तसेच यायचे : ‘ताई, फाइल जोडली आहे.’ ही बाब किरकोळ वाटेल, पण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याला मेहुण्यांचा फोन आला. बहिणीच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून रक्तस्राव झाला होता. तो पोचला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. गुरुवारी पहाटे गेली.

पहिले पंधरा दिवस

ऑफिसच्या ग्रुपवर बातमी पडली आणि तासाभरात ४३ मेसेज आले. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात. पहिल्या पाच जणांनी जे लिहिलं, तेच पुढच्या अडतीस जणांनी खाली उतरवलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. घाबरलेला माणूस तयार शब्द धरतो, आणि मृत्यूच्या बातमीने सगळेच घाबरतात. त्या ४३ मेसेजांचा त्याला काही त्रास झाला नाही, त्याने ते वाचलेच नव्हते. त्रास झाला तो त्याला वेगळे पाठवलेल्या मेसेजांचा, ज्यांत माझाही एक होता. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, जसाच्या तसा देते :

‘ऐकून सुन्न झाले. काय बोलावं कळत नाही. आई-बाबांना सांभाळ, आता तूच त्यांचा आधार. खंबीर राहा. काहीही लागलं तर हक्काने सांग.’

पाठवला तेव्हा मला तो चांगला वाटला होता. खरं सांगायचं तर जरा समाधानही वाटलं होतं, की ‘श्रद्धांजली’पेक्षा बरं काही लिहिलं. त्याचं उत्तर आलं : जोडलेले हात, एकदाच.

पुढे, चौथ्या महिन्यात, मी त्याला सरळ विचारलं की त्या दिवसांत कोणाचं काय लागलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘लागलं असं नाही. पण प्रत्येक जण जाताना एक काम देऊन गेला.’

या एका वाक्याने माझे डोळे उघडले. घरी जाऊन मी माझा मेसेज पुन्हा वाचला आणि त्यातली कामं मोजली. आई-बाबांना सांभाळ : एक. खंबीर राहा : दोन. लागलं तर सांग, म्हणजे काय लागतं ते तूच शोध, कोणाला सांगायचं ते ठरव, आणि संकोच गिळून माग : तीन, खरं तर पाच. चार ओळींत मी त्याला भरगच्च काम लावलं होतं, आणि तेही रजेवर असताना.

इतरांनी लावलेली कामं त्याच्या तोंडून कळली. ‘नेमकं कसं झालं?’ म्हणजे पुन्हा एकदा सांग. लिफ्टपाशी, जिन्यात, फोनवर असं त्याने पहिल्या आठवड्यात वीसेक वेळा सांगितलं होतं, आणि शेवटी शेवटी ते पाठ केल्यासारखं यायला लागलं याचीच त्याला लाज वाटत होती. ‘सुटली बिचारी, अंथरुणाला खिळली असती तर?’ म्हणजे आमच्याशी सहमत हो, मान डोलाव. ‘देवाला चांगली माणसं आधी हवी असतात’ म्हणजे देवाचं म्हणणं समजून घे. ‘आईंना आमचा निरोप सांगा, मेहुण्यांना म्हणावं आम्ही आहोत’ म्हणजे पोस्टमनकी. हे शेवटचं काम सगळ्यांत मोठं होतं. सगळी चौकशी त्याच्या हातून पुढे जायची : आईला, बाबांना, मेहुण्यांना, भाच्याला. पत्ता कायम दुसऱ्याचा.

भावंडाच्या दुःखाचं हे असंच होतं. मूल गेलेले आई-बाप, जोडीदार गेलेला नवरा, आई गेलेलं पोर या रांगेत भाऊ शेवटी उभा असतो, आणि त्याला रांगेत माणूस म्हणून नाही तर व्यवस्थापक म्हणून धरलं जातं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली ज्या दुःखाला समाज पुरती मान्यता देत नाही, त्याच्यासाठी एक वेगळी संज्ञाच रूढ केली. ज्याचं दुःख ‘मुख्य’ मानलं जात नाही त्याला रडायची जागाही मिळत नाही, असं साधारण ते म्हणणं. आमच्या प्रकरणात मृत्यूचा दाखला, बँकेचे कागद, तिच्या ऑफिसातला हिशेब हे सगळं ‘तू करशील ना’ म्हणून याच्याकडे आलं. तो ते नीट करत होता, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की तो ठीक आहे. मीही धरलं.

परत आल्यावर

पंधराव्या दिवशी तो कामावर आला. मी टीमला आधीच सांगून ठेवलं होतं की विषय काढू नका, त्याला आठवण होईल. जणू तो विसरून आला होता! या सूचनेचा परिणाम असा झाला की तो जागेवर बसला आणि आजूबाजूचे आठ जण एकदम कामसू झाले. चौकशी एकदाच आली, आणि तीही आमच्या टीमबाहेरून.

परतल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी कोणीतरी जुना किस्सा सांगितला आणि तो खळखळून हसला. दुपारी एक जण मला हळूच म्हणाला, ‘सावरला बरं का.’ संध्याकाळी आमचा हा सहकारी जिन्यात भिंतीला कपाळ टेकून उभा होता. मला तेव्हा यातलं काहीच जुळवता आलं नाही. पुष्कळ नंतर मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं प्रारूप वाचनात आलं. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन टोकांमध्ये झोके घेत असतो. एका टोकाला गेलेल्या माणसाची ओढ, आठवण, रडणं. दुसऱ्या टोकाला बिलं भरणं, काम करणं, हसणंसुद्धा. दोन्ही टोकं लागतात, आणि झोका चालू असणं हेच निरोगीपणाचं. म्हणजे दुपारचं हसणं खोटं नव्हतं आणि संध्याकाळचं कपाळही खोटं नव्हतं. ‘सावरला’ हा शब्द तेवढा चुकीचा होता, कारण त्यात एकदाच घडून संपणारी गोष्ट गृहीत धरलेली आहे.

इथे एक वेगळं वाक्यही नोंदवायला हवं. वरच्या पदावरच्या एका सहृदय गृहस्थांनी त्याला सांगितलं, ‘तुझी आत्ता रागाची पायरी चालू आहे, त्यानंतर स्वीकार येतो.’ नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्था एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या, आणि जिन्याच्या पायऱ्या कधी झाल्या ते कळलंही नाही. आमच्या माणसाने घरी जाऊन त्या पायऱ्या शोधल्या आणि आपल्याला राग येत नाही म्हणून काळजीत पडला. हेही एक कामच दिलं गेलं होतं : क्रमाने दुःख कर.

मॅडम

पाचव्या आठवड्यात त्याचा मेसेज आला : ‘मॅडम, फाइल जोडली आहे.’

मला राग आला. हे लपवण्यात अर्थ नाही. सहा वर्षांची ‘ताई’ एकदम ‘मॅडम’ झाली, म्हणजे कुठेतरी बिनसलं. मी मनातल्या मनात कारणं शोधली. त्या आठवड्यात मी त्याची एक चूक सगळ्यांसमोर दाखवली होती. की रजेचा अर्ज मंजूर करायला दोन दिवस लावले म्हणून? दुसऱ्या एका सहकारी मुलीला विचारलंही, ‘तो माझ्यावर चिडलाय का गं?’ तीन आठवडे मी त्याच्याशी जरा तुटक वागले. बोलताना तो मला कशानेच हाक मारायचा नाही, हेही लक्षात आलं. टेबलापाशी येऊन उभा राहायचा, मी वर बघेपर्यंत थांबायचा.

एका संध्याकाळी त्याचा भाचा त्याला भेटायला ऑफिसच्या दारात आला. मी बाहेर पडत होते. मुलाने विचारलं, ‘मामा, ह्या कोण?’ त्याने तोंड उघडलं, थांबला, आणि म्हणाला, ‘ह्या... आमच्या इथल्या.’

तिथे मला कळलं. घरी तो बहिणीला ‘ताई’ म्हणायचा. आता तो शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हता, आणि मी तीन आठवडे तो स्वतःचा अपमान समजून बसले होते.

चार मसुदे

आता काहीतरी बोलणं भाग होतं. समोर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून मेसेज लिहायला बसले. आधीचे मसुदे मी पुसले नाहीत, म्हणून इथे देता येतात.

पहिला : ‘तू मला ताई म्हणणं का बंद केलंस ते आज कळलं. मला फार वाईट वाटलं. मी समजून घ्यायला हवं होतं. मला माफ कर.’ वाचून पाहिलं. सगळीकडे मीच. शेवटी माफी मागितली, म्हणजे माफ करण्याचं काम त्याच्याकडे. पुसायला हवा होता, बाजूला ठेवला.

दुसरा : ‘मी तुझ्या ताईची जागा घेऊ शकत नाही, पण मलाही तू धाकट्या भावासारखाच आहेस.’ हा लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यामुळेच शंका आली. जे वाक्य लिहिणाऱ्याला इतकं भावतं, ते बहुधा लिहिणाऱ्यासाठीच असतं. जागा घेण्याबद्दल त्याने विचारलं होतं का? रिकाम्या जागेत मी पाय घालून उभी राहत होते आणि वर म्हणत होते की मी इथे उभी नाही.

तिसरा : ‘कसा आहेस? खरं सांग.’ छोटा आहे, पण यातही काम आहे, आणि ते फार कठीण आहे. ‘खरं सांग’ म्हणजे तर परीक्षाच.

चौथा पाठवला :

‘मला ताई म्हणणं तुला जड जात असेल, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. जे तोंडाला येईल ते म्हण. काहीच नाही म्हटलंस तरी मला कळतं. याला उत्तर नको.’

यातही दोष आहेत. ‘उशिरा लक्षात आलं’मध्ये माझी थोडी सफाई डोकावतेच. पण त्याला करायचं असं यात काहीच नाही, आणि शेवटच्या तीन शब्दांनी तर उत्तर देण्याचं कामही काढून घेतलं. ‘उत्तर नको’ हे मी आता प्रत्येक सांत्वनाच्या मेसेजखाली लिहिते. दुसरं असं की यात त्याच्या दुःखाबद्दल सर्वसाधारण काही नाही. एक बारीकशी, फक्त त्याच्या बाबतीत खरी असलेली गोष्ट मला दिसली, एवढंच त्यात आहे. मृत्यूबद्दल बोलताना आपण लगेच जीवन, काळ, नियती असे मोठाले शब्द काढतो. त्याला मात्र एका हाकेने अडवलं होतं.

मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. मला बरं वाटलं नाही, हे सांगायलाच हवं. ‘उत्तर नको’ लिहिलं तरी आतून हवंच असतं.

तो बोलला तेव्हा

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तो माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसला आणि विचारल्याशिवाय बोलायला लागला. ‘तोंडातून निघालं की वाटतं, ती मागून ओ देईल.’

मग तासभर बहिणीबद्दल बोलला. तिचं हसणं, तिचं रागावणं, लहानपणी त्याच्या वहीत तिने केलेल्या दुरुस्त्या. मी फक्त एकदा तिचं नाव विचारलं. सहा वर्षांत मला ते माहीत नव्हतं. त्याने सांगितलं आणि म्हणाला की हे नाव महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. घरात कोणी घेत नाही, आई कोसळेल म्हणून. पुढच्या प्रत्येक बोलण्यात मी ते नाव वापरलं. ‘ती’, ‘गेलेली’, ‘जे झालं ते’ असं म्हटलं नाही.

इथे माझी दुसरी मोठी चूक झाली. तो जरा थांबला, आणि ती शांतता मला सोसली नाही. मी म्हणाले, ‘माझे बाबा गेले ना, तेव्हा मलाही असंच...’ आणि सांगत सुटले. माझा आवाज भरून आला. तो उठला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला. बहीण जाऊन दोन महिने झालेला माणूस माझं सांत्वन करत होता!

सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समधल्या लेखात यावर एक साधी आकृती सुचवली होती. मध्यभागी ज्याच्यावर प्रसंग आला तो. भोवती एकात एक वर्तुळं : सगळ्यांत जवळचे, मग मित्र, मग ओळखीचे. आतल्या माणसाला फक्त धीर द्यायचा, स्वतःची तक्रार आणि रडणं बाहेरच्या वर्तुळातल्या माणसाकडे न्यायचं. मी माझे बाबा आत नेले होते. ते माझ्या मैत्रिणीकडे न्यायला हवे होते. समदुःखी असल्याचं कधीच सांगू नये असं मात्र मला वाटत नाही. त्याने स्वतः पुढे एकदा विचारलं, ‘तुमचे बाबा गेल्यावर किती दिवस झोप लागली नव्हती?’ तेव्हा मी सांगितलं, दोन वाक्यांत. विचारल्यावर सांगणं हे उत्तर असतं, न विचारता सांगितलं तर ते ओझं होतं.

डोकेदुखीचा फोन

त्यानंतर एकदा त्याने ते सांगितलं, जे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. रविवारी, म्हणजे रक्तस्राव झाला त्याच्या दोन दिवस आधी, बहिणीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, आज डोकं फार दुखतंय. हा म्हणाला, ‘झोप झाली नसेल, गोळी घे आणि पड.’

या ठिकाणी दहांतले नऊ जण एकच वाक्य म्हणतील : ‘तुझी काही चूक नाही.’ माझ्याही ओठांवर आलं होतं. ते खरं आहे, पण त्याने संभाषण तिथेच संपतं. त्याने जे इतके आठवडे छातीवर वाहिलं, ते आपण तीन सेकंदांत निकाली काढतो. त्याला ते पटत नाही, फक्त ‘हिला सांगून उपयोग नाही’ एवढं कळतं.

मी विचारलं, ‘तिने नेमकं काय सांगितलं होतं?’ हा ‘नेमकं कसं झालं?’चाच भाऊ वाटेल, पण फरक आहे. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या कुतूहलासाठी होता. इथे सांगायची गरज त्याची होती. त्याने सगळा फोन सांगितला, आवाजासकट. ती हसत होती. मुलाच्या शाळेचं काहीतरी सांगत होती. डोकेदुखी हे मधलं एक वाक्य होतं.

मग मी म्हणाले, ‘मीही तिला गोळी घेऊन पडच म्हणाले असते.’

तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर त्याने सांगितलं की त्या दहा महिन्यांत कोणी बोललेलं हे एकमेव वाक्य त्याला शब्दशः आठवतं. त्यात त्याला निर्दोष ठरवलेलं नव्हतं. मी फक्त त्याच्या शेजारी, त्याच फोनवर, तेवढ्याच माहितीनिशी जाऊन उभी राहिले. पुढे एकदा डॉक्टरांशी बोलताना त्याला हेही कळलं की असा फुगा फुटण्याआधी काही जणांचं डोकं दुखतं खरं, पण दुखणाऱ्या असंख्य डोक्यांतून तेवढं एक ओळखणं घरच्या माणसाच्या आवाक्यातलं नसतं. ही माहिती मी आधीच फेकली असती तर ती त्याला वकिली वाटली असती.

त्याच संध्याकाळी निघताना तो म्हणाला, ‘रात्री झोपलो की सकाळी उठूच नये असं वाटतं.’ इथे मी शब्द तोलत बसले नाही. सरळ विचारलं, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. तो म्हणाला, ‘नाही, तसं नाही. फक्त सकाळ नको वाटते.’ तरीही त्याच आठवड्यात तो डॉक्टरांकडे गेला, मी वेळ ठरवून दिली होती. उत्तर ‘हो’ आलं असतं तर मी त्याला त्या रात्री एकटा सोडणार नव्हते, हे आधीच ठरवलं होतं.

पाच चाळीसचा गजर

बहिणीचा फोन त्याच्याकडे होता, कागदपत्रांसाठी. त्यावर रोज पहाटे ५:४० ला तिचा गजर वाजायचा, मुलाच्या शाळेसाठी लावलेला. तो बंद करत नव्हता. फोन चार्ज करून ठेवायचा, वाजू द्यायचा, मग पुन्हा पडून राहायचा. चौथ्या महिन्यात त्याने मला विचारलं, ‘हे वेडेपणाचं आहे का?’

मी म्हणाले, ‘वाजू दे.’

याला आधार आहे, तो मी नंतर वाचला. १९१७ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने मांडलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातून हळूहळू मन काढून घेणं. पुढची कित्येक दशकं ‘आता सोडून दे, पुढे चल’ हाच सल्ला शास्त्रीय मानला गेला. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने उलट बाजू मांडली : बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते चालू ठेवतात. गंमत अशी की खुद्द फ्रॉइडला हे आयुष्याने आधीच शिकवलं होतं. त्याची मुलगी सोफी १९२० मध्ये इन्फ्लुएन्झाने गेली. नऊ वर्षांनी, तिच्या जन्मदिवसाच्या सुमारास, त्याने लुडविग बिन्सवँगर या मित्राला पत्र लिहिलं. त्या मित्राचा मुलगा वारला होता. आशय असा की तीव्र दुःख ओसरेल, पण त्या माणसाची जागा भरून निघणार नाही, आणि तेच योग्य आहे. सिद्धान्त लिहिणारा एक आणि मित्राला पत्र लिहिणारा दुसरा, असं वाटावं इतका फरक आहे. ‘काळ हेच औषध’ म्हणणाऱ्यांनी त्या पत्राचा दुसरा अर्धा भागही वाचावा.

गजरावर मी किती दिवस ‘वाजू दे’ म्हणाले असते, हा प्रश्न टाळता येत नाही. ओढ रोज तितकीच तीव्र राहिली, जगणंच थांबलं, आणि असं महिनोन्‌महिने चाललं, तर त्याला आता वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन शोकविकार असं स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११मध्ये, त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या निदान-पुस्तिकेत प्रौढांसाठी ती एक वर्षाची आहे. मी मुदत मोजत बसले नाही, पण तीन गोष्टी बघत होते : जेवतो का, झोपतो का, आणि महिन्यापूर्वी जे करू शकत नव्हता त्यातलं काही आता करतो का. तिसरी सगळ्यांत उपयोगी ठरली. पाचव्या महिन्यात तो भाच्याला घेऊन पोहायला जायला लागला.

‘काही लागलं तर सांग’चं काय केलं

थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांत सोपं निघालं. ते वाक्य बंद केलं आणि त्याच्या जागी ठरलेली गोष्ट बोलायला लागले. ‘शुक्रवारचा अहवाल मी करते, तू चार वाजता नीघ.’ ‘बँकेत उद्या मी बरोबर येते, नको असेल तर फक्त “नको” लिही.’ नकार देणं एका शब्दात बसलं पाहिजे, हे महत्त्वाचं. दोनदा त्याने ‘नको’ लिहिलं. मला जरा लागलं, पण ते मी माझ्या बाहेरच्या वर्तुळात नेलं.

टीमलाही सूचना बदलून दिली : विषय काढला तरी चालेल, उत्तराची वाट बघू नका. एका मुलाने त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली : ‘तुझ्या ताईने एकदा फोनवर मला तू समजून दहा मिनिटं झापलं होतं. अजून आठवतं.’ ती चिठ्ठी त्याच्या पाकिटात आहे. गेलेल्या माणसाची आपल्याला नसलेली एक आठवण कोणाकडून मिळावी, याहून मोठी भेट मला त्या काळात दिसली नाही, आणि ती देणारा टीममधला सगळ्यांत कमी बोलणारा मुलगा होता.

दहाव्या महिन्यात

बहिणीचा वाढदिवस आठव्या महिन्यात आला. तारीख मी आधीच लिहून ठेवली होती. सकाळी तिचं नाव लिहून एवढंच पाठवलं : ‘आज हिचा वाढदिवस. उत्तर नको.’ दुपारी एक फोटो आला. दोन वेण्यांची मुलगी, कडेवर एक रडका पोरगा. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

गजर अजून आहे. फक्त आता भाचा सुट्टीत राहायला आला की तोच तो बंद करतो, उठून.

‘ताई’ परत आली नाही, ‘मॅडम’ही गेली. मधे काही दिवस तो मला नावापुढे ‘जी’ लावून बघत होता, ते आम्हा दोघांनाही हास्यास्पद वाटलं. कालचा त्याचा मेसेज असा होता : ‘फाइल जोडली आहे. चौथ्या पानावरचे आकडे बदललेत, बघून घ्या.’

बघितले. एक बेरीज चुकली होती, ती कळवली.